ओव्हनमधली रायफल

"इतिहास वाचवावा लागतो, लोर्ना. तो वाचवणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत."

"वाचव ना. माझ्या ओव्हनमध्ये कशाला वाचवतोस?"

वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या गावी, हार्डवेअरच्या दुकानातल्या रांगेत हे नवरा-बायको माझ्या मागे उभे होते. तिच्याकडे ओव्हन साफ करायचा फवारा होता, त्याच्याकडे जवसाचं तेल.

"रशियन फौजेची रायफल आहे ती. गंजू नये म्हणून ग्रीस फासून वर्षानुवर्षं पडून होती. तिचा लाकडी दस्ता तापवल्याशिवाय आत मुरलेलं ग्रीस बाहेर येत नाही."

"आलं की. पाद्रीबाबांच्या तोंडात आलं. चर्चच्या विक्रीत माझ्या केकचा घास घेतला आणि विचारलं, ट्रॅक्टर दुरुस्त करता करता केलास का?"

"गंमत केली असेल."

"ते गंमत करत नाहीत, वेन्डेल. दरवर्षी माझा सफरचंदाचा केक सगळ्यांत आधी संपतो. यंदा अख्खा घरी परत आला."

"मी खाल्ला की."

"तुला वास येतच नाही. तुझ्या उशीलाही तोच आहे."

"मग काय, दस्ता घासून वार्निश मारू? कारखान्याचे मूळ शिक्के जातील."

"ती बंदूक उडते तरी का?"

"ती उडवायची नसते."

"हे बघ. माझ्या ओव्हनमध्ये पुन्हा बंदूक दिसली, तर मी ओव्हन घेऊन बहिणीकडे राहायला जाईन."

"नाही दिसणार. शब्द दिला."

ती हातमोजे आणायला गेली. त्याने माझ्या खांद्याला हळूच बोट लावलं.

"दादा, आम्हाला जरा पुढे जाऊ द्याल का? दुसरी ओव्हनमध्ये ठेवून आलोय."