अकरा वेळा शिंपडलेलं पंचामृत

मंडळी, एक प्रश्न विचारतो, उत्तर लगेच देऊ नका. देवाला आपण हळद वाहतो, कुंकू वाहतो, दूध-दही वाहतो — त्या वाहण्यात देवाची काळजी किती आणि आपली हौस किती? अहो, मागं बसलेल्यांनी आत्ताच माना डोलवू नका, मी अजून काही सांगितलेलंच नाही! आधी श्रीपतीचं काय झालं ते ऐका.

डोंगरकडेच्या एका गावात हा श्रीपती भोईटे. चावडीशेजारी त्याचं दुकान. दाखले काढायचे, फॉर्म भरायचे, सगळं एका कॉम्प्युटरवर. माणूस सरळ, कामाला चोख, पण एक खोड! आपल्यासारखी पूजा पंचक्रोशीत कुणाला जमत नाही, हा ठाम समज. आली खंडेनवमी. सुतारानं करवत पुजली, शिंप्यानं शिलाई मशीन पुजलं. श्रीपतीनं काय पुजलं? कीबोर्ड आणि माउस! पाटावर तांदूळ, तांदळावर विड्याचं पान, पानावर ओलं हळदकुंकू, आणि त्यावर माउस बसवला. कीबोर्डवर मूठभर अक्षता, वर फुलानं पंचामृत शिंपडलं. एकदा नव्हे — अकरा वेळा! बायको म्हणाली, "अहो, पुरे की आता!" हा म्हणतो, "गप गं, देवाला काय मोजून द्यायचं?"

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तर दारात तानुबाई हजर. रोजानं कांदे निवडणारी बाई. सोबत लेक सुमित्रा. पोरीला नर्सिंगला जायचं होतं. अडलेला दाखला सणाच्या तोंडावर हाती आला आणि फॉर्मची मुदत आज, संध्याकाळी पाचपर्यंत!

"पाच? अगं, अर्ध्या तासाचं काम," श्रीपती म्हणाला. बटण दाबलं. पडदा उजळला. पासवर्ड टाकायला गेला — एक अक्षर उमटेल तर शपथ! माउस हलवला — पडद्यावरचा बाण जागचा हलेना!

मग सुरू झाली झटापट. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. पुढच्या भोकातली मागच्या भोकात घातली. काही नाही! तोवर दारात माणसं जमली. आपल्याकडं सल्ल्याला काय तोटा? एक म्हणाला, "चार्जिंग संपलं असेल." दुसरा म्हणाला, "नजर लागलीय, लिंबू उतरव." आणि श्रीपतीनं काय करावं? आणखी एक उदबत्ती लावली!

दोन वाजले. श्रीपती कपाळ पुसत म्हणाला, "तानुबाई, तालुक्याला जावं लागेल."

"दादा, एसटी आता साडेचारला. पोचेपर्यंत सगळं संपलं." तानुबाई म्हणाली. "हिचं वर्ष गेलं ना, तर हिचा चुलता थांबायचा नाही. स्थळ बघून ठेवलंय त्यानं."

सुमित्रा पुढं झाली आणि म्हणाली, "काका, जरा उलटं करून बघू का?"

"हात लावू नको! पुजलेली वस्तू उपडी करत नाहीत!"

ओरडला खरा, पण आवाजात जोर नव्हता. कारण मंडळी, त्याला कळलं होतं! पहिलं अक्षर उमटलं नाही तेव्हाच त्याला ते पंचामृत आठवलं होतं. पण कबूल कसं करायचं? पूजा माझी, आणि खोट तिच्यात? त्यापेक्षा वायरीला दोष देणं सोपं! त्यानं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. ती रडतही नव्हती. नुसती घड्याळाकडं बघत होती. आणि श्रीपतीला लाज वाटली. अशी वाटली की त्यानं हात जोडले, "देवा, चुकलो," म्हणाला आणि कीबोर्ड उपडा केला.

पडल्या अक्षता! झेंडूच्या पाकळ्या! साखर-मध आत झिरपून वाळलेला, बटण दाबावं तर खालीच चिकटून बसतंय. माउस उलटा केला. त्याच्या पोटाला बारीक भोक असतं, आत लाल दिवा. दिवा लागलेला होता, पण भोकावर कुंकवाचा जाड पापुद्रा! काडीला कापूस गुंडाळून श्रीपतीनं तो हळूहळू कोरून काढला. कोरड्या फडक्यानं पुसलं. माउस हलवला — बाण हलला!

कीबोर्ड मात्र गेला तो गेलाच. मग श्रीपतीला आठवलं, पडद्यावरही एक कीबोर्ड उघडतो. माउसनं एकेक अक्षर टिपायचं. बसला टिपत! नाव, गाव, जन्मतारीख, शाळा. सुमित्रा सांगतेय, हा टिपतोय. पाचाला दहा कमी असताना पावती छापून बाहेर आली. तानुबाईनं पदर डोळ्याला लावला आणि हळदकुंकवाचा करंडा उचलला. श्रीपती उठून आडवा आला — "बाई, नमस्कार लांबून!"

हसलात? हसा, हसायचंच आहे. श्रीपतीची भक्ती खोटी नव्हती हो. त्यानं फक्त एवढंच बघितलं नाही, की आपण जे वाहतोय त्यानं समोरच्याचं काय होतंय.

आता आपल्याकडं वळतो. या गावात मागल्या महिन्यात एका घरी आईची पंच्याहत्तरी झाली. मांडव, हार, पंच्याहत्तर दिवे. मीही जेवून आलो. त्या माउलीनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "महाराज, दोन महिने झाले चष्मा फुटून. कोण ओवाळतंय तेही दिसलं नाही मला." नाव घेत नाही. ज्याची आई आहे तो इथंच बसलाय, पुढच्या रांगेत. आरतीला थांबला नाहीस तरी चालेल, बाबा. चष्म्याचं दुकान आठला बंद होतं. जा!