अष्टमीची पाहणी

डोंगरातल्या तळे गावाहून आलेला धर्माजी पंचायतीच्या पडवीत सरपंचांची वाट बघत बसला होता. नजर दाराकडे, कान मात्र शेजारच्या दोघा पंचांकडे.

“येसाजी, खाजणातल्या प्लॉटांचा कच्चा नकाशा मंजूर झाला म्हनं?”

“व्हय तर! सायबानं सोता जागा पायली. कोरडी ठणठणीत!”

“कोरडी? अवस-पुनवेच्या उधाणाला थितं कमरेएवढं पानी असतं.”

“म्हून तर सायबाला अष्टमीला न्हेला. अष्टमीची भरती बांधाखालीच ऱ्हाते.”

“आन् मी नव्हतो त्या सभेत कोनी कायच बोललं न्हाय?”

“न्हाय कसं? दुपारभर भांडले. रस्त्याला कुनाच्या बापाचं नाव द्यायचं, ह्यावर.”

“पोरांची बाग?”

“हाय की! नकाशात हिरवीगार रंगवलीय. खेकडं खेळतील.”

“पन घेतंय कोन?”

“डोंगराकडची मानसं, मुंबैत गिरणीत राबनारी. त्यांना उधाण काय ठावं!”

दोघं पोट धरधरून हसले. हसता हसता येसाजीची नजर धर्माजीवर गेली.

“पाव्हनं, काय काम काढलंत?”

“प्लॉट घेतलाय. बायकोला जागा दाखवायला आणलंय.”

येसाजीनं टोपी नीट केली.

“आज अमावास्या, पाव्हनं. नव्या जागेत पाऊल टाकू न्हाय. अष्टमीला या.”