गंधकाची चिठ्ठी

(कॉलेजची प्रयोगशाळा, भर दुपार. शुभांगी इथं पीएच.डी. करतेय. वडील उत्तमराव कोल्हारहून डबा घेऊन आलेत.)

शुभांगी : आप्पा, खरं सांगा. नळ्यांची झाकणं उघडलीत?

उत्तमराव : तू तुझ्या गाईड मॅडमकडं गेलीस, लगीच. दोन्ही नळ्यांचा वास घेतला.

शुभांगी : वास?

उत्तमराव : एकीत गंधक हाय म्हनालीस ना? तीस वरीस शुगर फॅक्टरीत गंधकाच्या भट्टीवर काढली मी. वासच न्हाई! मग दोन्हींत आतल्या बाजूला बोट लावून हुंगलं.

शुभांगी : अहो, चिमटीनं टाकायचा गंधक नाही तो! नळ्यांत आरएनए आहे, म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं त्याची चिठ्ठी. एकीत तिच्या साखळीत काही ठिकाणी ऑक्सिजन काढून गंधकाचा एकेक अणू बसवलाय; दुसरीत साधीच चिठ्ठी. नळीतला जंतूंचा रस ती चिठ्ठी वाचतो नि प्रोटीन बनवतो.

उत्तमराव : मंग बोटानं काय बिघडलं?

शुभांगी : बोटाच्या घामात एन्झाइम असतं, ते चिठ्ठीचे तुकडे करतं. म्हणून तर मी हातमोजे घालते. तीनदा फसलंय, आप्पा. आज प्रोटीन चमकलं नाही तर मॅडम विषय बदलायला लावणार. दोन वर्षं पाण्यात.

उत्तमराव : ...मी दाराशी उभा ऱ्हातो. आनखी कशाला हात लागायला नको.

शुभांगी : नळ्या लावून दोन तास झालेत, आता बघूच. तिथला पडदा ओढा. निळ्या दिव्यात प्रोटीन हिरवं दिसतं.

उत्तमराव : काय दिसतंय?

शुभांगी : साधी चिठ्ठी संपली. नळी काळीच आहे.

उत्तमराव : आन् गंधकाची? ...शुभे, बोल की गं!

शुभांगी : हिरवी! आप्पा, हिरवीगार! तुमचं बोट लागूनसुद्धा! गंधकामुळं तिचे तुकडेच झाले नाहीत!

उत्तमराव : म्हंजे माझ्यामुळंच कळलं म्हन की!

शुभांगी : लई चढू नका. असं चुकून झालेलं निकाल म्हणून धरत नाहीत. उद्या सगळं पहिल्यापासून करायचं, तुमच्या बोटाशिवाय. पण विषय आता बदलत नाही मी!

उत्तमराव : गंधकानंच राखलं. आन् तू ल्हानपनी, मी ड्युटीवरनं आलो की नाक धरायचीस. 'आप्पा, वास येतो, लांब बसा.'

शुभांगी : असं म्हणायचे मी?

उत्तमराव : रोज. मी बी बसायचो, वट्यावर.

शुभांगी : ...मग आता दाराशी काय उभे? या ना इकडं. अजून जवळ या, आप्पा. तिथनं नीट दिसायचं नाही.