टॉवर चालू आसा

नाही, घरात नाहीत ते. सांगितलं ना एकदा — शिरोड्याच्या बाजारात गेलेत. कधी येतील ते मी काय सांगू? पडवीतच बसा, साहेब, आत नको, आत पसारा आहे. टॉवरची चावी? ती माझ्याकडेच असते — म्हणजे आज ठेवून गेलेत. मी रुक्मिणी, त्यांची बायको. पण तुम्ही मुंबईहून आलात, ते न कळवता? बावीस वर्षं हे या कातळाच्या सड्यावर विमानांना दिशा दाखवणारा टॉवर सांभाळतायत, असं अचानक कधी कोणी आलं नाही. कागाळी कोणी केली? दत्तारामानेच ना? त्याला ही नोकरी जावयासाठी हवी, अख्ख्या गावाला ठाऊक आहे — वही? ही घ्या, यंदाची, दोन हजार आठची. सकाळ, दुपार, संध्याकाळ, एक रकाना रिकामा नाही. अक्षर? जुन्या वह्यांतल्याहून वेगळं? वयाप्रमाणे बदलतंच की माणसाचं अक्षर. असे काय बघता?

…बरं. हो. मीच लिहिते. झालं समाधान? दोन वर्षं झाली, त्यांची उजवी बाजू गेली, आत खाटेवर आहेत. लग्नापासून ज्यांचं नाव तोंडाने घेतलं नाही, त्यांची सही मी दिवसातून तीनदा करते. पण काम चुकवलं नाही हां! बॅटऱ्यांचं पाणी, जनरेटरचं डिझेल — ते खाटेवरून सांगत गेले, मी शिकत गेले. गेल्या श्रावणात वादळाने तार तुटली, जनरेटरही बसला, तेव्हा पाच दिवस टॉवर बंद होता, तेवढंच. वहीत मी 'चालू' लिहिलं — घाबरले होते, साहेब. पाचही दिवस अंगणात उभी राहून एकेक विमान दिसेनासं होईपर्यंत बघत होते, भरकटलं तर? एकही भरकटलं नाही, देवाचीच कृपा —

काय म्हणालात? भरकटणार नव्हतीच?

उपग्रह. म्हणजे वरूनच दिशा कळते आता… या टॉवरवरून त्या टॉवरवर असे वळसे नकोत, सरळ जायचं, वेळ वाचतो, इंधन वाचतं… थांबा. माका नीट सांगा. ह्यो टॉवर आता कोण आयकता? कोणच नाय? मगे मी दोन वर्सां कोणासाठी — आणि तुमी चौकशीक नाय, बंद करूचो कागद घेवन इलात! माका वाटला पकडूक इलात. आणि मी सगळा ओकलंय.

हळू बोला. हळू! त्या खिडकीआड खाट आसा. दुपारचा विमान गेला की रोज इचारतत, "आपल्याच टॉवरवरसून गेला मा?" मी म्हणतंय, होय. साहेब, एक करश्यात? खिडकीकडे जावन मोठ्यान म्हणा, टॉवर बरो चल्लो आसा. इतक्याच. तुमचा काय जाता?… नाय म्हणान मान कित्याक हलवतास? ठेवा मगे तो कागद हय.

— कोण इलो म्हणतास? कोण नाय हो! वाट चुकलेलो मनीस आसा कोणतरी. जाता तो आता.

उठा.