घोट संपेपर्यंत

दारिको मावशी: थांब, एतेरी. मला एक शब्द कळला असेल तर शपथ.

एतेरी: सगळं तर सांगितलं मावशी, चहाची बाग डोंगरावर, पान हातानं खुडतो, फवारणी नाही, झाडं जुनी, मधली पंचवीस वर्षं रानात हरवलेली, आम्ही काटेरी झुडपं तोडून ती मोकळी केली, आणि...

दारिको मावशी: बाई गं. तुम्ही इकडची गुरियाची माणसं, बोलायला लागलात की थांबत नाही. घोडासुद्धा मध्ये दम खातो.

एतेरी: आणि तुमच्या त्या संथ राचात, डोंगरात, माणूस दारात उभा राहून ‘नमस्कार’ म्हणेपर्यंत आतल्यांचं जेवण उरकतं.

दारिको मावशी: उरकू दे... पण गेल्या वर्षी हा एस्तोनियाचा चहाचा व्यापारी, टार्मो, रिकाम्या हातानं परत गेला. माझ्यामुळे नाही.

एतेरी: मी तरी काय करू? चहा तोंडात धरून भिंतीकडे बघत बसला. मला वाटलं, आवडला नाही. म्हणून किंमत उतरवली. तरी गप्प. मग म्हटलं, वासात थोडा दोष आहे, पुढच्या खेपेला सुधारू.

दारिको मावशी: होता दोष?

एतेरी: कुठला! पण पाहुणा गप्प बसला म्हणजे यजमानाची अब्रूच गेली की आमच्याकडे.

दारिको मावशी: आपल्याच मालाला नावं ठेवलीस. कोण घेईल?

एतेरी: आज दुपारी येऊन पुन्हा नाही म्हणाला तर कारखान्याला कुलूप, मावशी. आपल्या बायका सीमेपलीकडे जातील, तुर्कांच्या मळ्यात पानं खुडायला. एकदा गेल्या की कुठल्या परत येतात?

दारिको मावशी: म्हणून सांगते. दोन वाक्यं बोल. कप हातात दे. मग गप्प. घोट म्हणजे प्रार्थना समज... कुणी हात जोडलेले असताना आपण मध्ये बोलतो का? चल, मी पिते.

एतेरी: ...

दारिको मावशी: ...

एतेरी: कसा लागला?

दारिको मावशी: हरलीस. पुन्हा ओत. साखर नको, आणि तो लोण्याचा केक उचल माझ्यासमोरून. बुधवारचा उपास आहे माझा, लोणी-दूध चालत नाही.

(दुपार. चहा चाखायची खोली. टार्मो खिडकीपाशी बसला आहे.)

एतेरी: ही झाडं पंचवीस वर्षं रानात हरवली होती. आम्ही हातानं मोकळी केली, आणि हातानंच खुडतो. घ्या.

टार्मो: हं.

एतेरी: ...

टार्मो: ...

दारिको मावशी: किमतीचं म्हणाल साहेब, तर थोडं इकडंतिकडं...

एतेरी: मावशी, त्यांना पिऊ द्या.

दारिको मावशी: नाही, मी आपलं...

एतेरी: बसा तुम्ही.

टार्मो: ...

एतेरी: ...

टार्मो: गेल्या वर्षीही हीच चव होती.

एतेरी: हो.

टार्मो: मग दोष आहे असं का म्हणालात?

एतेरी: तुम्ही बोलेनात. मी घाबरले.

टार्मो: मी पीत होतो. चांगलं काही तोंडात असलं की आमच्याकडे कुणी बोलत नाही. तुम्हीच दोष सांगितलात, म्हणून मला वाटलं, माझीच जीभ चुकली.

दारिको मावशी: देवा रे.

टार्मो: यंदाचा सगळा चहा मला द्या. किंमत तुमच्या कागदावर आहे तीच. फक्त एक सांगा. पुढच्या वसंतात खुडायला याच बायका असतील?

एतेरी: असतील.