मंजुरी येईपर्यंत

(कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरचा बाक.)

बाबा: म्हणजे हा कान गेला, असंच ना? डॉक्टरबाई बोलतात हळू, आणि त्याही नेमक्या माझ्या उजवीकडे बसून.

लेक: अगदी गेला असं नाही म्हणाल्या. आत्ता जेवढं ऐकू येतंय तेवढंच राहील. औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच असतो म्हणे. आता देऊन फारसा फरक पडणार नाही.

बाबा: चला, सुई तरी वाचली.

लेक: बाबा, थट्टा नको ना.

बाबा: मग काय करू? दोघंही रडत बसलो तर रिक्षा कोण बघणार?

लेक: आपल्या गल्लीच्या टोकाला कानाचे डॉक्टर बसतात. कान बंद झाला त्याच दिवशी चालत गेलो असतो. पण ते आपल्या विम्यात बसत नव्हते. मीच तुम्हाला थांबवलं. आधी नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मग विमा कंपनीची मंजुरी, मग या बाईंची वेळ...

बाबा: नेहमीचे डॉक्टर तर म्हणाले मळ साठलाय, थेंब घाला. मलाही ते पटलं.

लेक: खरंच पटलं होतं?

बाबा: आधी पटलं. मग वर्कशॉपमध्ये एक पियानो सुरात लावायला घेतला, तर वरचे सूर सगळे बसके. मी तारेला शिव्या घातल्या. तार बदलली. नवीही तशीच.

लेक: म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं! मी रोज विचारायची, आणि तुमचं आपलं 'ठीक आहे, ठीक आहे'.

बाबा: तू जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता कंपनीला फोन लावून बसायचीस. तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं मला. त्यात मी आणखी कुठे तुझ्या मागे लागू?

लेक: लागायला हवं होतं. एकदा ओरडला असतात, तर सगळं सोडून नेलं असतं मी तुम्हाला.

बाबा: ऑफिसच्या विम्यात माझं नाव घातलंस, त्या दिवशी केवढी खुशीत होतीस तू. 'बाबा, आता तुम्हाला कसलीच काळजी नाही.' ते खोटं पाडायचं जिवावर आलं गं.

लेक: मंजुरी आली तेव्हा मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या होत्या, माहितीये? वाटलं, झालं एकदाचं काम.

बाबा: झालंच की. बाई हुशार आहेत. आपल्याला उशिरा भेटल्या, एवढंच.

लेक: आता कामाचं कसं करणार?

बाबा: खालचे सूर लागतील. मधलेही लागतील, डाव्यावर भागवेन. वरच्यांचं मात्र... तारेचं खरं मानू की कानाचं, तेच कळत नाही.

लेक: उद्याचं शाळेच्या पियानोचं काम नको म्हणून कळवू?

बाबा: नको, पोरांचा कार्यक्रम आहे. तू येतेस का? लहानपणी शेजारी बसून सांगायचीस की, 'बाबा, हा सूर रडतोय.'

लेक: तेव्हा कळायचं. आता कुठलं कळायला?

बाबा: कळेल. मी तार ताणतो, तू नुसतं ऐक.

लेक: आणि चुकले तर?

बाबा: चुकलीस तरी मला कुठे कळणार आहे.