बाबांचा पाव मी भिजवला

…नाही, मला एक सांगा, पावावर नाव लिहिलेलं असतं का? 'हा अमक्याने भाजला, याला हात लावू नये,' अशी चिठ्ठी डकवलेली असते? नसते ना? मग माणसाला कळायचं कसं? डब्यात एक पाव होता. वाळून खडखडीत झालेला. मी तो काढला, फोडला, पाण्यात बुडवला, पिळला आणि टोमॅटोत कालवला. झालं! एवढंच केलं मी. तो बाबांच्या हातचा शेवटचा पाव निघाला, हा काय माझा दोष? गेले तीन आठवडे आत्या येता-जाता माझ्याकडे अशी बघते, जणू मी… जाऊ दे. पण तुम्हाला सांगतो, माझा हेतू चांगला होता!

आता आधी घर समजून घ्या. पुढे बेकरी, मागे आम्ही राहतो, मधे भट्टी. म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत म्हणजे भट्टीची पाठ. थंडीत त्या भिंतीला टेकून मी अभ्यास केला, आणि इतका केला, इतका केला, की शिकायला पार जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचलो! काय शिकलो? अन्न! ते कसं पिकतं, कसं सडतं, रोज किती टन पाव कचऱ्यात जातो… एकशे चाळीस पानांचा प्रबंध आहे माझा, हसू नका. बाबा फोनवर विचारायचे, 'सध्या काय शिकतोस रे?' मी म्हणायचो, 'पावाबद्दल.' पलीकडे शांतता. मग हळूच, 'पावाबद्दल? इतक्या लांब जाऊन?' मग, 'बरं बरं. शीक.' आणि मग मी त्यांना पीठ कसं आंबतं यावर वीस मिनिटं ऐकवायचो. ज्या माणसाने चाळीस वर्षं रोज पहाटे पीठ मळलं त्याला! आणि तो माणूस म्हणायचा, 'असं होय? अरे वा.'

बाबा गेले तेव्हा मी तिकडेच होतो. पोचलो चौथ्या दिवशी. त्यावर मी काही बोलत नाही.

तेव्हापासून आई गप्प. रडणं नाही, बोलणं नाही. जेवायला बसते, दोन घास घेते आणि ताट सरकवते. 'आई, अजून थोडं?' 'नको.' 'आई, दूध तरी?' 'नको.' सत्तर दिवस, तुम्हाला सांगतो, सत्तर दिवस नुसतं 'नको'! कपडे अंगावर लोंबायला लागले तिच्या. आणि मी? प्रबंधात मी सगळ्या जगाची भूक मिटवून आलो होतो, आणि इथे एका बाईच्या पोटात तिसरा घास जाईना!

तर मग मला ती म्हातारी आठवली. तिकडची माझी घरमालकीण, ऐंशीची, मूळची इटलीतली, कायम चिडलेली. मी एकदा परीक्षेत नापास होऊन दोन दिवस दार लावून पडलो होतो, तेव्हा ती एक वाडगं घेऊन आत आली आणि माझ्या पोटावर ठेवून गेली. पान्झानेला! शिळ्या पावाचं सॅलड. लालबुंद टोमॅटो, त्यांच्या रसात भिजलेला पाव, ताजं पांढरं चीज हाताने तोडलेलं, वर बेसिलची, म्हणजे तिकडच्या तुळशीची, पानं. मी उठून बसलो हो! दोन वाडगी खाल्ली! मग तिच्यामागे लागून शिकलो. ती शिकवायची म्हणजे शिव्याच द्यायची. 'ताजा पाव? छट्! त्याचा लगदा होतो! पाव असा पाहिजे की चोराला फेकून मारला तर चोर आडवा! आणि मीठ! आमच्या गावचा पाव अळणी, म्हणून टोमॅटोला मीठ सढळ हाताने, कंजूषपणा नको, ऐकू येतं का?' येतं ऐकू! अजून येतं! आणि तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या बाबांचा पावही अळणीच होता. गिऱ्हाइकांची जीभ त्याला सरावलेली, त्यामुळे कुणी कधी काही बोललं नाही.

म्हटलं, ठरलं! जे खाऊन मी उठलो ते खाऊन आई उठेल. बघा, हेतू कसा आहे!

आत्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. घर मोकळं. बेसिल तयार होतं, मी बी आणून लावलं होतं, पाव भाजायच्या पत्र्याच्या साच्यांत. (त्यावरूनही बोलणी खाल्ली. 'दादाच्या साच्यात माती भरलीस? माती?' पण ते वेगळं प्रकरण.) टोमॅटो सहा आणले, चांगले पिकलेले, बोट लावलं तर हुंदका देतील असे. ताजं चीज मिळवायला डेअरीवाल्या बाईशी अर्धा तास वाद घातला. तिचं म्हणणं, 'ताजं म्हणजे कालचंच की.' मी म्हटलं, बाई, काल म्हणजे काल आणि ताजं म्हणजे ताजं! शेवटी वैतागून तिने फ्रीजच्या मागून एक मऊ गोळा काढून दिला, वर 'देवा' म्हणाली.

राहिला पाव. बेकरीतली फळी रिकामी. मी शोधतोय, शोधतोय… आणि पिठाच्या कपाटात अगदी मागे एक पत्र्याचा डबा. सुतळीने बांधलेला. मी सुतळी कापली. आत बाबांचा एप्रन. एप्रनमध्ये पाव. आता तुम्ही म्हणाल, एप्रन बघून तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता… नाही पडला! मला वाटलं, वा, आई किती शास्त्रशुद्ध साठवण करते! कापड ओल शोषून घेतं! पावाला बुरशीचा ठिपका नाही, वास स्वच्छ, ठोकला तर लाकडासारखा वाजतोय. मी खूश! मी त्या पावाकडे बघून चक्क म्हणालो, 'तुझ्यासारखा एक पाव वाचला तरी माझं शिक्षण सार्थकी लागलं.' मोठ्याने म्हणालो!

मग काय, पाव फोडला, थंड पाण्यात थोडा व्हिनेगर घालून भिजवला, हलक्या हाताने पिळला. टोमॅटोला मीठ लावलं, सढळ हाताने, म्हातारीला स्मरून, आणि पाव आमच्या बेकरीचा, म्हणजे अळणीच, म्हणून अजून एक चिमूट. रस सुटला, त्यात पाव, कांदा, तेल. चीज तोडून टाकलं, बेसिल हाताने फाडलं, सुरी लावायची नाही, काळं पडतं. टेबल पुसलं. चार ताटल्या मांडल्या. चौथी भट्टीकाकांची. पस्तीस वर्षं बाबांच्या हाताखाली होते. भट्टी बंद होती, तरी रोज यायचे, रिकामं दुकान झाडायचे आणि पायरीवर बसून राहायचे.

दार वाजलं. आई आत आली. ओट्यावर उघडा डबा, कापलेली सुतळी, बाजूला एप्रन. ती तिथेच उभी राहिली. मी हसत सांगतोय हो! 'आई, बघ, वाया जाणारा पाव होता, मी वाचवला!'

आणि मागून आत्या. 'वाचवला? अरे वाचवला? भट्टी सत्तर दिवस बंद आहे, मग हा पाव काय आभाळातून पडला? एकशे चाळीस पानं लिहिलीस ना रे? त्यात बेरीज-वजाबाकीचं एक पान नव्हतं? दादाचा शेवटचा पाव आहे तो! वहिनी रोज सकाळी डबा उघडून बघते! तू तो कालवलास? कांदा घालून?'

कांदा घालून. हो. आणि मग मी जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. मी वाडग्यात दोन्ही हात घातले आणि पावाचे तुकडे वेचायला लागलो! एकेक तुकडा पिळून फडक्यावर मांडतोय, पंखा लावतोय, 'वाळेल, आई, वाळेल, भट्टी पेटवू, काका, भट्टी पेटवा!' असं ओरडतोय. काका दारात आले, फडक्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'बाळा, भिजलेलं वाळलं की भुसा होतो. पाव होत नाही.' इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मला वाटलं त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं. माझा हेतू… अहो, कुणाला सांगणार? टोमॅटोचा रस कोपरापर्यंत आलेला आणि हेतू म्हणे!

मग आई पुढे झाली. एक भिजका तुकडा बोटांत धरून बघत राहिली. आणि विचारलं, 'हे किती वेळ टिकतं?'

सत्तर दिवसांत तिने विचारलेला पहिला प्रश्न! खोटं बोलावंसं वाटलं. पण म्हटलं, 'अर्धा तास मुरावं लागतं. मग तासाभरात संपवायचं. नाहीतर लगदा.'

तिने घड्याळ बघितलं. फडक्यावरचे तुकडे एकेक करून परत वाडग्यात घातले. 'मग मुरू दे,' म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

तुम्ही कधी सॅलड मुरायची वाट बघत बसला आहात? चार माणसं, मधे वाडगं. आत्याचं नाक तेवढं वाजतंय. आणि मग आईच बोलायला लागली. वाडग्याकडे बघत. 'चाळीस पाव होते त्या दिवशी. हे आत आले, जरा पाठ टेकतो म्हणाले. मी चहा ठेवला. पुढे गिऱ्हाइकं येत होती, काका पाव देत होते, कुणाला काही माहीत नाही. चहा घेऊन गेले तर… एकोणचाळीस पाव विकले गेले रे. एक राहिला. रात्री मी तो भट्टीत ठेवला, उबेला. भट्टी दोन दिवस गरम होती. माणूस गार झाला आणि भट्टी गरम. मी या भिंतीला हात लावून बसायचे. तिसऱ्या दिवशी भिंत पण गार झाली. मग पाव काढून डब्यात ठेवला. तू चौथ्या दिवशी आलास.'

एकशे चाळीस पानांत यावर एक ओळ नव्हती.

अर्धा तास झाला. आईने वाढलं. सगळ्यांना सारखं, मोजून, चीजसुद्धा. पहिला घास तिने घेतला. आम्ही बघतोय. तिने तोंड वाकडं केलं. 'खारट झालंय.'

खारट! म्हणजे हेही धड नाही! मी घास घेतला. खारटच! मी म्हटलं, 'कसं शक्य आहे? बाबांचा पाव अळणी, त्या हिशोबाने तर मीठ घातलं!' तेव्हा काकांनी ओट्यावर उरलेलं पावाचं कोरडं कवच उचललं, तोंडात टाकलं, हळूहळू चावलं आणि म्हणाले, 'तुझा हिशोब बरोबर आहे. पण त्या दिवशीच्या पावात मीठ होतं.'

'म्हणजे?'

'मालकांनी त्या पहाटे मीठ वाढवलं. मी म्हटलं, मालक, गिऱ्हाईक ओरडेल. तर म्हणाले, ओरडू दे. पोरगा म्हणतो कमी आहे. तो शिकतोय त्यातलं. एक दिवस त्याचं ऐकून बघू.'

मी कधी म्हणालो? अहो, मला आठवेना! मग आठवलं… फोनवर, बसमधून उतरता उतरता, घाईघाईत, 'आणि बाबा, तुमच्या पावात मीठ कमी असतं, बरं का, चला ठेवतो.' एवढंच. पाच मिनिटांत मी विसरून गेलो होतो! आणि त्यांनी चाळीस वर्षांचं मोजमाप बदललं.

आत्याने विचारलं, 'मग? ओरडलं कुणी?'

'नाही,' काका म्हणाले. 'तिघांनी मुद्दाम थांबून सांगितलं, आज पाव फार छान झालाय. म्हटलं, मालक जरा पडलेत. उठले की सांगू.'

मग आईने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. ताटली संपवली आणि परत वाडग्यात चमचा घातला. मी म्हटलं, 'आई, खारट आहे, राहू दे.' ती म्हणाली, 'निम्मं मीठ त्यांचं आहे, निम्मं तुझं. कुठलं काढून ठेवू?' आणि तेव्हा रडली. रडत रडत जेवली. शेवटी वाडगं तिरकं करून रससुद्धा प्यायली. आत्यानेही तीनदा घेतलं, प्रत्येक वेळी मला शिवी देऊन. दुपारभर आम्ही चौघं पाणी पीत होतो.

संध्याकाळी आईने डबा धुतला, पुसला, पालथा घातला. एप्रन झटकला आणि माझ्या अंगावर टाकला. 'उद्या भट्टी पेटव. घरात पाव नाही.'

अहो, पण मला पाव येत नाही! मला पावाबद्दल येतं! हे घरात कुणाला समजावणार? एकवीस दिवस झाले, रोज पहाटे उठतोय, काका सांगतात तसं मळतोय, हात भाजले, भुवया जळल्या. बाबांचा पाव वाळायला दिवस लागायचे, माझा भट्टीतून निघतो तोच वाळलेला! विकायला ठेवायची सोय नाही. रोज सकाळी आई येते, एक पाव उचलते, बोटाने ठोकते, कानाशी धरते. काका तेवढ्यापुरते रस्त्याकडे बघतात. मग आई पाव माझ्या हातात परत देते, आणि एक सुस्कारा सोडून म्हणते,

'टोमॅटो आण.'